द्राक्षमळ्यातला लुई पाश्चर

दुधाच्या पिशवीवर एक शब्द छापलेला असतो, ‘पाश्चराइज्ड’. रोज सकाळी तो आपल्या डोळ्यांखालून जातो. तरीही पिशवी कापून दूध पातेल्यात ओतलं की आपण ते पुन्हा उकळतोच. त्या शब्दावर गृहिणीचा फारसा भरवसा नाही! पण ज्याच्या नावावरून तो आला, तो लुई पाश्चर आपल्या ओळखीचा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस शोधणारा, रोगजंतूंचा माग काढणारा दाढीवाला फ्रेंच शास्त्रज्ञ. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर वाकड्या मानेचा चंबू काढून दर वर्षी पाश्चर मुलांपुढे उभा केला. पुढे निवृत्तीनंतर सवडीनं त्याची चरित्रं वाचायला घेतली, तेव्हा जाणवलं की या माणसाच्या आयुष्यभर एक वास दरवळत राहिलेला आहे, आणि तो प्रयोगशाळेचा नाही, द्राक्षांचा आहे. ज्या क्रियेला जगानं त्याचं नाव दिलं, ती त्यानं दुधासाठी शोधलीच नव्हती. ती शोधली होती वाइनसाठी. फ्रेंच घरात जेवणाबरोबर रोज लागणाऱ्या तांबड्या वाइनसाठी.

आपल्याकडे वाइन म्हटलं की ती सरळ दारूच्या खात्यात जमा होते. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शेतकऱ्याच्या घरी तसं नव्हतं. भाकरीबरोबर आपल्याला ताक किंवा आमटी लागते, तशी त्याला पावाबरोबर वाइन लागे. ती पाहुण्यासाठी राखून ठेवण्याची चैन नव्हती, रोजच्या ताटातला भाग होता. म्हणूनच ती आंबली, कडवट झाली तर ते घरावरचं संकट असे, आणि लाखो शेतकऱ्यांचं पोट त्यावर असल्यानं देशावरचंही.

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, जुरा डोंगराच्या पायथ्याच्या मुलखात दोल नावाचं गाव आहे, तिथला. पण त्याचं खरं गाव आर्ब्वा. लहानपणीच तो आईवडिलांबरोबर तिथं आला आणि शेवटपर्यंत मनानं तिथलाच राहिला. त्याचे वडील नेपोलियनच्या फौजेतून परतलेले सैनिक. धंदा कातडी कमावण्याचा. काही वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये असताना मी मुद्दाम वाट वाकडी करून आर्ब्वाला एक दिवस गेले. लहानसं गाव, मधून वाहणारी क्युइझांस नदी, चहूबाजूंच्या उतारांवर द्राक्षमळे. नदीच्या काठावर पाश्चरचं घर आहे. वडिलांच्या या घरात त्यानं पुढे भर घातली, वर स्वतःची प्रयोगशाळा थाटली. आता ते स्मारक म्हणून जपलं आहे. कातडी कमावायला धंद्याच्या दृष्टीनं वाहतं पाणी हवं, म्हणून घर नदीकाठी.

या धंद्याचं आणि तांबड्या वाइनचं एक गमतीदार नातं आहे. आपल्याकडे कातडं कमावायला बाभळीची साल वापरत, तिकडे ओक झाडाची. सालीतलं तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन. ते कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं आणि कातडं कुजत नाही. याच जातीचं द्रव्य काळ्या द्राक्षांच्या सालीत आणि बियांत असतं. तांबडी वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून ते तिच्यात उतरतं. जांभूळ खाल्ल्यावर जिभेला जो तुरटपणा बसतो, तोच हा. कोणत्या वाइनबरोबर काय खावं याचं फ्रेंचांचं सगळं शास्त्र बव्हंशी या तुरटपणावर आणि आंबटपणावर उभं आहे. तुरट, दाट वाइन मांसाबरोबर चांगली लागते, कारण टॅनिन मांसातल्या प्रथिनांना धरतं आणि जिभेला कमी टोचतं. हलकी, आंबटसर वाइन तेलकट-खारट पदार्थांबरोबर, कारण ती तोंड स्वच्छ करते. मासळीच्या जेवणावर आपण सोलकढी पितो त्यात वेगळं काय आहे?

आर्ब्वाच्या तांबड्या वाइनचं हेच. तिथल्या पूल्सार नावाच्या द्राक्षाची साल इतकी पातळ, की त्याची वाइन गडद होतच नाही. मी पाहिली तेव्हा मला कोकम सरबतच आठवलं. तिच्याबरोबर तिथली माणसं जुरातलं धुरी दिलेलं मांस, मोर्तो गावची जाडजूड सॉसेजेस आणि कॉम्ते नावाचं चीज खातात. त्रूसो हे दुसरं तांबडं द्राक्ष. त्याची वाइन जास्त अंगाची, शिकारीच्या मांसाला पेलणारी. मी शाकाहारी, म्हणून पाव आणि कॉम्ते यांवर माझं भागलं. तेवढ्यात एक मजेशीर माहिती कळली. पाश्चरच्या माहेरचं हे चीज नियमानं कच्च्या दुधाचंच करावं लागतं. दूध पाश्चराइज्ड असेल तर त्याला कॉम्ते म्हणता येत नाही!

शाळकरी लुई फार हुशार म्हणून कुणाला ठाऊक नव्हता. त्याची चित्रकला मात्र उत्तम होती; रंगखडूंनी काढलेली आईवडिलांची त्याची चित्रं आजही पाहायला मिळतात. १८३८ साली त्याला शिकायला पॅरिसला पाठवलं, तर पोराला घरची इतकी ओढ लागली की वडिलांच्या हौदांचा, कातड्यांचा वास मिळाला तरी बरं वाटेल असं त्याला होऊन गेलं. शेवटी वडील स्वतः जाऊन त्याला परत घेऊन आले. पुढे तो पुन्हा पॅरिसला गेला आणि रसायनशास्त्रात रमला.

त्याचा पहिला मोठा शोधही वाइनच्या पिंपातूनच निघाला. वाइन मुरताना पिंपाच्या आतल्या बाजूला खपली धरते, ते टार्टर. त्यापासून मिळणारं टार्टरिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेला आंबट करणारं तेच आम्ल. या आम्लाचं एक जुळं भावंड होतं, घटक तेच पण प्रकाशाच्या बाबतीत वागणूक वेगळी. असं का, हे कोडं होतं. १८४८ मध्ये पंचविशीतल्या पाश्चरनं त्याच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली एकेक करून निवडले, आपल्या बायका तांदूळ निवडतात तसे. त्याला दिसलं की त्यात दोन प्रकार आहेत, आरशातल्या प्रतिबिंबासारखे, एक डावा एक उजवा. रसायनशास्त्राची एक नवी शाखाच त्यातून उभी राहिली. त्याच वर्षी त्याची आई गेली. दुसऱ्या वर्षी स्ट्रासबुर्गला मारी लोरांशी त्याचं लग्न झालं. नवऱ्याचं बोलणं उतरवून घेणारी, त्याच्या प्रयोगांत घर विसरणारी आणि तरीही घर सांभाळणारी ही बाई त्याच्या प्रत्येक यशात अर्धी भागीदार होती.

१८५४ मध्ये तो लील या कारखान्यांच्या शहरात गेला. तिथं बिटाच्या रसापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या बिघडू लागल्या, म्हणून तो पाश्चरकडे आला. त्या काळचे बडे रसायनशास्त्रज्ञ आंबण्याला निव्वळ रासायनिक क्रिया मानत. पाश्चरनं सूक्ष्मदर्शक लावला आणि हळूहळू त्याची खात्री पटली, की आंबणं हे जिवंत जीवांचं काम आहे. विरजणानं दूध दही होतं, यीस्टनं रस वाइन होतो, आणि प्रत्येक कामाचा करणारा जीव वेगळा. चुकीचा जीव शिरला तर काम बिघडतं.

हे तो पॅरिसमध्ये सिद्ध करत असताना १८५९ च्या सप्टेंबरात आर्ब्वाला, आजोबांच्या घरी सुट्टीला गेलेली त्याची थोरली मुलगी झान विषमज्वरानं दगावली. नऊ वर्षांची होती. विषमज्वरही एका जंतूचंच काम आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, तिच्या बापालाही नाही. चरित्र वाचताना मी इथं थांबले. दुधात, रसात, वाइनमध्ये कोण काय बिघडवतं हे पाहणारा जगातला सगळ्यात तीक्ष्ण डोळा ज्या घरात होता, त्याच घरात शिरलेला शत्रू त्याला दिसला नाही.

१८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियननं पाश्चरकडे वाइनच्या रोगांचा अभ्यास सोपवला. त्याला कारण होतं. १८६० च्या व्यापारी करारानं इंग्लंडची बाजारपेठ फ्रेंच वाइनला खुली झाली होती, पण बोटीनं गेलेली वाइन वाटेत बिघडते अशी ओरड होती. पाश्चरनं १८६४ च्या शरदात आर्ब्वा गाठलं. नगरपालिकेनं जागा देऊ केली ती त्यानं घेतली नाही, कुणाचं मिंधं व्हायला नको म्हणून. एका जुन्या कॉफीघराची खोली भाड्यानं घेतली. उपकरणं गावच्या सुतारानं, लोहारानं, कल्हईवाल्यानं बनवली. ती बघून गावकऱ्यांची बरीच करमणूक झाली असणार. बालमित्रांनी आपापल्या तळघरांतल्या बिघडलेल्या बाटल्या आणून दिल्या. बिघडलेली वाइन कुणी हौसेनं मागतं, हे त्या गावानं प्रथमच पाहिलं.

त्याला सापडलं ते असं. वाइन आंबून व्हिनेगर झाली तर तिच्यात एक जीव, मचूळ होऊन गढूळ झाली तर दुसरा, बर्गंडीची उंची तांबडी वाइन बाटलीत कडवट झाली तर तिसरा, धाग्यांच्या गुंत्यासारखा. प्रत्येक रोगाचा आपला वेगळा जंतू. पुढेपुढे एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, चव न घेता, तो सांगू लागला की या बाटलीची चव काय असेल. जिभेवर पोट असलेले पारखी चकित होत. नीरा उन्हं चढायच्या आत प्यावी, नाही तर तिची ताडी होते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. ती कशानं होते, हे या माणसानं पटवून दिलं.

निदान झालं, उपाय काय? निरनिराळी द्रव्यं घालून पाहिल्यावर तो साध्या उपायाशी आला. बाटल्या बूच घट्ट बांधून गरम पाण्यात ठेवायच्या आणि सुमारे ५० ते ६० अंशांपर्यंत तापवायच्या. उकळायचं नाही. तेवढ्या उष्णतेनं बिघडवणारे जीव मरतात आणि वाइनची चव शाबूत राहते. खाद्यपदार्थ बाटलीत तापवून टिकवण्याची युक्ती निकोला अपेर यानं शतकाच्या आरंभीच वापरली होती, आणि वाइन तापवण्याचा पहिला मान कुणाचा यावर बर्गंडीतल्या एका जाणकाराशी पाश्चरचा वादही झाला. पण तापवल्यानं नेमकं काय घडतं, किती अंश पुरेत आणि का, हे पाश्चरनं दाखवलं. एप्रिल १८६५ मध्ये त्यानं पेटंट घेतलं आणि मग ते सगळ्यांना मोकळं करून टाकलं. कमवायचं असतं तर तो गर्भश्रीमंतांच्या पंक्तीत बसला असता.

तापवलेली वाइन पिणार कोण, असं पारखी म्हणत होते. तज्ज्ञांच्या मंडळापुढे तापवलेली आणि न तापवलेली वाइन ठेवून चाखण्या झाल्या. पुढे आरमारानं ‘जां बार’ या जहाजावर दोन्ही प्रकारची वाइन चढवली. दहा महिन्यांनी जहाज परतलं तेव्हा तापवलेली उत्तम होती, दुसरी आंबण्याच्या वाटेवर. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या कामासाठी त्याला मोठं पदक मिळालं.

ही झाली बाहेरची हकीकत. घरात याच काळात काय चाललं होतं? जून १८६५ मध्ये वडील गेले. सप्टेंबरात दोन वर्षांची कामीय गेली. मे १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील विषमज्वरानं गेली, आई आणि बहिणीबरोबर वडिलांना भेटायला निघाली असताना, वाटेत शांबेरीला. पाश्चर तेव्हा दक्षिणेत आलेसला रेशमाच्या किड्यांच्या साथीशी झुंजत होता. वाइनच्या रोगांवरचं त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं ते याच १८६६ मध्ये. त्या पानांमागे बापाची ही अवस्था होती, हे पुस्तक चाळणाऱ्याला कळणार नाही. पाच मुलांपैकी दोन उरली.

माझ्या मनात वारंवार एक विचार येतो. वाइनलाही ‘रोग’ होतो हा शब्द पाश्चरनं सहज वापरला, शेतकरीही वापरत. पण प्रत्येक रोगाला त्याचा जंतू आणि जंतूला आवर घालण्याचा मार्ग, ही साखळी एकदा वाइनमध्ये हाती लागल्यावर तो ती माणसापर्यंत ओढत न्यायला थांबला नाही. त्याच्या दुःखानं त्याला तिकडे ढकललं असं मी ठामपणे म्हणणार नाही. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. एवढंच दिसतं की तो थांबला नाही.

ऑक्टोबर १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू कायमची अधू झाली. यानंतरचं सारं काम, म्हणजे ज्यासाठी जग त्याला ओळखतं ते बहुतेक सगळं, अधू हातापायानं झालं आहे.

१८७४ मध्ये त्यानं आर्ब्वाजवळ रोझिएर इथं छोटा द्राक्षमळा विकत घेतला. १८७८ मध्ये या मळ्यानं एक लढाई जिंकून दिली. थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार फेब्रुवारीत वारले आणि मागाहून त्यांची टिपणं छापली गेली. त्यात आंबण्याला बाहेरच्या जीवांची गरज नाही असं सुचवलेलं. मृत मित्राशी वाद घालायचा! पाश्चरनं द्राक्षं कच्ची असतानाच वेलींवर काचेची घरं उभी केली, काही घड कापसात गुंडाळले. यीस्ट बाहेरून, द्राक्ष पिकताना सालीवर येऊन बसतं, असा त्याचा तर्क. ऑक्टोबरात काचघरातली द्राक्षं चुरडली. रस आंबलाच नाही. उघड्यावरच्या द्राक्षांचा रस फसफसून आला. पुरावा म्हणून ते घड पॅरिसला न्यायचे होते. मारीबाई आणि मुलगी यांनी आगगाडीच्या प्रवासात ते आळीपाळीनं उभे धरून नेले. विज्ञानाच्या इतिहासात या दोघींच्या हातांना कुणी पदक दिलं नाही.

घरात मात्र या माणसाबरोबर जेवायला बसणं सोपं नव्हतं. पावाचा तुकडा कुस्करून त्यात काही सापडतं का हे तो पाही, पेले पुसून घेई, हस्तांदोलन टाळी. एकदा म्हणे जेवणानंतर त्यानं चेरी पेल्यातल्या पाण्यात नीट धुऊन खाल्ल्या, फळांवरच्या जंतूंवर प्रवचन दिलं, आणि बोलण्याच्या भरात तेच पाणी पिऊन टाकलं! वाइनला मात्र तो फार आरोग्यदायी पेय मानी. त्याच्या काळी शहरातलं पाणी रोगाचं घर होतं हे लक्षात घेतलं तर ते समजण्यासारखं आहे. आजचे डॉक्टर त्याच्याशी सहमत होणार नाहीत.

आर्ब्वानं त्याला आणखी एक गोष्ट दिली होती, भीती. १८३१ मध्ये एक पिसाळलेला लांडगा त्या भागात माणसांना चावत सुटला होता. चावलेल्यांच्या जखमा लोहाराकडे तापल्या लोखंडानं डागल्या जात. आठ वर्षांच्या लुईनं हे अनुभवलं. चौपन्न वर्षांनी, ६ जुलै १८८५ ला, आल्सासचा नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर त्याच्यापुढे आला आणि दहा दिवसांत तेरा टोचण्या घेऊन वाचला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेला दुसरा मुलगा, गुराखी झां-बाप्तिस्त ज्युपीय, हा आर्ब्वाजवळच्याच खेड्यातला. लहान पोरांना वाचवायला तो पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंजला होता. मला माझा धाकटा भाऊ आठवतो. कुत्रा चावला म्हणून त्याला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. रोज त्याला दवाखान्यात नेणं आईच्या वाट्याला यायचं. आता ती पद्धत गेली, पण तिची मूळ वाट पॅरिसमधल्या त्या खोलीतूनच निघाली होती. १८८८ मध्ये उघडलेल्या पाश्चर संस्थेत पुढच्या वर्षी वाल्डेमार हाफकिन ग्रंथपाल म्हणून लागला. १८९६ च्या प्लेगात मुंबईला आला आणि जानेवारी १८९७ मध्ये आपली लस त्यानं आधी स्वतःला टोचली. परळची हाफकिन संस्था त्याचीच.

पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ ला गेला. विषमज्वराची लस आली १८९६ मध्ये. दूध तापवून जंतुरहित करण्याची सूचना जर्मन रसायनशास्त्रज्ञ सॉक्सलेटनं १८८६ मध्येच केली होती. ती पसरत गेली तशी दुधातून येणारी रोगराई हटत गेली, त्यात विषमज्वरही आला. उंची तांबड्या वाइनला आज सहसा कुणी तापवत नाही. स्वच्छता, गाळणं आणि थोडं गंधकाचं द्रव्य यांवर तिचं काम भागतं. वाइनसाठी शोधलेली युक्ती वाइनपेक्षा बाळांच्याच जास्त कामी आली.

त्याचं थडगं पॅरिसमध्ये पाश्चर संस्थेच्या तळघरात आहे. भिंतींवर रंगीत तुकड्यांची नक्षी आहे. मेंढ्या आहेत, कुत्रे आहेत, रेशीमकिड्यांची तुती आहे, आणि द्राक्षाचे वेल आहेत. लहानपणी गेलेल्या मुली मात्र तिथं नाहीत. त्या आर्ब्वाच्या दफनभूमीत आजीआजोबांजवळ आहेत, आणि तिथले वेल खरे आहेत.